नंबर पाटीवर, नाव वहीत



मोटारीच्या मागे, नंबर प्लेटच्या वरच्या बाजूला, एक लहानसा पांढरा दिवा असतो. बऱ्याच गाड्यांत तो पाच वॅटचा साधा बल्ब असतो, नव्या गाड्यांत एलईडी. चालकाला तो स्वतःच्या जागेवरून दिसत नाही. त्याने रस्ता उजळत नाही, आणि तो गेला तरी गाडीचं काही अडत नाही. म्हणून तो महिनोन्‌महिने बंद असला तरी मालकाला पत्ता नसतो.

तरीही केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १०५ व्या नियमात या दिव्यासाठी वेगळी तरतूद आहे. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, आणि उजेड पुरेसा नसेल तेव्हा केव्हाही, मागच्या पाटीवरचा संपूर्ण नंबर १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे. त्याच नियमात मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसावा असं म्हटलंय. लाल दिवा तुमच्या स्वतःच्या सुरक्षिततेसाठी आहे, मागून कोणी येऊन धडकू नये म्हणून. नंबरवरचा पांढरा दिवा दुसऱ्यांसाठी आहे. तुमच्या गाडीमुळे कोणाला इजा झाली, तर ती गाडी कोणती हे त्याला वाचता यावं, एवढंच त्याचं काम.

आजचा विषय हा दिवा, त्याच्या उजेडातला नंबर, आणि त्या नंबरवरून मालकाचं नाव शोधण्याची सोय. या तिन्हींमागे सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वीची एक तडजोड आहे. नंबर सगळ्यांना दिसेल, पण नाव सरकारी वहीत राहील, आणि ती वही कारण असल्याशिवाय उघडायची नाही. ही तडजोड दोन्ही बाजूंनी मोडता येते. नंबर लपवून मोडता येते, तशी नाव चव्हाट्यावर आणूनही मोडता येते. लखनौ आणि आसपासच्या परिसरात गेल्या काही वर्षांत दोन्ही प्रकार घडलेत, आणि त्यातल्या एकाची सुरुवात महाराष्ट्रातून गेलेल्या पत्राने झाली. पण आधी जरा मागे जाऊ.

पॅरिस, न्यूयॉर्क, लंडन

१८९३ साली पॅरिसच्या पोलीस खात्याने मोटारींसाठी एक आदेश काढला. प्रत्येक गाडीला धातूची पाटी हवी, आणि तिच्यावर मालकाचं नाव, पत्ता आणि परवान्याचा क्रमांक, तिन्ही हवेत. म्हणजे पहिल्या पाटीवर नंबराबरोबर चक्क घरचा पत्ता होता. गाड्या मोजक्या होत्या, त्यांचे मालक श्रीमंत आणि ओळखीचे होते, म्हणून ते चालून गेलं.

१९०१ साली न्यूयॉर्क राज्याने कायदा केला. तिथे संपूर्ण नावाऐवजी मालकाच्या नावाची आद्याक्षरं गाडीच्या मागे लिहायची होती, निदान तीन इंच उंचीची. गाड्या वाढल्यावर काय झालं असेल, ते सांगायला नको. एकाच आद्याक्षरांची कितीतरी माणसं निघाली. आपल्याकडे 'एस. पी.' लिहून किती पाटील, पवार आणि पंडित एकाच पाटीखाली आले असते, याचा विचार करा. दोन वर्षांत तिथेही आकड्यांवर यावं लागलं.

ब्रिटनने १९०३ साली मोटार कार कायदा केला आणि १ जानेवारी १९०४ पासून नंबर सक्तीचा झाला. त्या कायद्याने वेगमर्यादा ताशी २० मैल केली. पायी गस्त घालणारा शिपाई पळत्या मोटारीला अडवू शकत नव्हता, पण तिचा नंबर टिपून ठेवू शकत होता. नंबर वाचायचा, मग वहीत मालक शोधायचा, ही पद्धत तिथे पक्की झाली. आणि त्याच व्यवस्थेत, अंधार पडल्यावर मागची पाटी उजळणारा दिवा पेटता ठेवण्याची अटही आली. दिवा तेव्हा तेलाचा किंवा कार्बाइडच्या गॅसचा असे. नंबर आणि त्याच्यावरचा दिवा ही अशी जोडीने आलेली भावंडं आहेत.

श्रीमंतांना हे फारसं रुचलं नाही. भाड्याच्या घोडागाडीला नंबर असतो, सभ्य गृहस्थाच्या वाहनाला कशाला, असा सूर होता. पण आवडत्या नंबराचा मोहही पहिल्या दिवसापासूनचाच. लंडनचा 'ए १' हा नंबर अर्ल रसेल यांच्याकडे गेला. तत्त्ववेत्ते बर्ट्रांड रसेल यांचे ते थोरले भाऊ.

पाटीवरचं संपूर्ण नाव आधी आद्याक्षरांवर आलं आणि मग पाटीवरून गेलंच. उरलेल्या आकड्यातून मालकाची जात, धर्म, पेशा, गाव काहीच कळत नाही. कारकुनाच्या सोयीसाठी झालेली ही गोष्ट पुढे नागरिकाच्या फार उपयोगी पडली.

यू.पी. ३२

हिंदुस्थानासाठी पहिला अखिल भारतीय मोटार कायदा १९१४ साली आला. त्याच्या जागी १९३९ चा मोटार वाहन कायदा आला, आणि त्यात प्रांतांना अक्षरगट वाटून दिले गेले. वडीलधाऱ्यांना ते नंबर आठवत असतील. तीन अक्षरं आणि चार आकडे. आपल्याकडे 'बी' किंवा 'एम'ने सुरू होणारे, उत्तर प्रदेशात 'यू'ने सुरू होणारे. 'शोले'मधल्या जय-वीरूच्या मोटारसायकलीवर 'एमवायबी ३०४७' असा नंबर आहे. 'एमवाय' म्हणजे म्हैसूर. कथेतलं रामगढ कुठेही असो, चित्रीकरण बंगळूरजवळ रामनगरला झालं, हे गाडीने पडद्यावरच सांगून टाकलं.

१९३९ च्या कायद्यात आणखी एक महत्त्वाचा भाग होता. तिसऱ्या पक्षासाठीचा सक्तीचा विमा १ जुलै १९४६ पासून लागू झाला. तिसरा पक्ष म्हणजे रस्त्यावरचा माणूस, ज्याचा गाडीशी काही संबंध नाही पण ज्याला गाडीने उडवलं. या दिवसापासून नंबराला पैशाचं वजन आलं. नंबर कळला की मालक कळतो, मालक कळला की विमा कंपनी कळते, आणि विमा कंपनी कळली की विधवेला भरपाई मागायला दार मिळतं.

आजची पद्धत १९८८ च्या कायद्याची, तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. राज्याची दोन अक्षरं, कार्यालयाचा आकडा, मालिकेची अक्षरं आणि शेवटी चार आकडे. लखनौचा नंबर 'यू.पी. ३२'. त्याच्या शेजाऱ्यांचे आकडे बघा: हरदोई ३०, खीरी ३१, लखनौ ३२, रायबरेली ३३, सीतापूर ३४, उन्नाव ३५. हे सहाही जिल्हे लखनौ विभागातले आहेत आणि इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमाने लावलेले आहेत. नवाबांची राजधानी म्हणून लखनौला पहिला आकडा मिळाला नाही, 'एल' ज्या जागी येतं तो मिळाला. तोच ३२ आकडा आपल्याकडे वर्ध्याचा आहे.

लखनौशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली तिथे मॅरिस कॉलेज हे संगीत महाविद्यालय उभं राहिलं, आज तिथे त्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. नोकरी-धंद्यासाठी आजही लोक जातात. गाडी घेऊन गेलात तर लक्षात ठेवा, दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवली की कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो. परक्या शहरात 'एमएच' दिसलं की कोणाच्याही मनात आपलेपणा येतो, पण तो आपलेपणा वर्षभराचाच.

पाटीवर अक्षरं इंग्रजी आणि आकडे आंतरराष्ट्रीयच हवेत, असा नियम आहे. यावरून आपल्याकडे बरीच नाराजी असते. 'एमएच' गाडीवरचे मराठी आकडे लखनौचा शिपाई सहज वाचेल, कारण लिपी तीच. पण ती गाडी चेन्नईत किंवा कोलकात्यात कोणाला धडकली, तर तिथल्या पादचाऱ्याला ते दोन सेकंदांत वाचता यायला हवेत. पाटी मालकाच्या अभिमानासाठी नाही, अनोळखी माणसाच्या नजरेसाठी आहे.

पंधरा मीटर

आता पुन्हा दिव्याकडे येऊ. १५ मीटर म्हणजे जेमतेम तीन-चार गाड्यांची लांबी. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. म्हणजे धडक देऊन कोणी पळालं, तर नियमाप्रमाणे उजळलेला नंबरही एक-दोन सेकंदच वाचता येतो. दिवा बंद असेल तर तेवढाही वेळ नाही.

रचना साधी आहे. दिव्याच्या बटणाची पहिली खूण फिरवली की पुढचे पार्किंग लाइट, मागचे लाल दिवे आणि नंबरवरचा दिवा एकदम लागतात. बऱ्याच स्कूटर-मोटारसायकलींत तर वेगळा दिवाही नसतो. लाल दिव्याच्या खालच्या अंगाला पारदर्शक काचेची पट्टी असते, तिच्यातून पांढरा उजेड खाली पाटीवर पडतो. त्या पट्टीवर चिखल बसला किंवा हौसेने गडद रंगाची फिल्म लावली, की लाल दिवा दिसतो पण नंबर अंधारात जातो.

आता येणाऱ्या उच्च सुरक्षा नंबर प्लेटवर, म्हणजे एचएसआरपीवर, परावर्तक थर असतो. मागच्या गाडीचा उजेड पडला की तो उजेड आलेल्या दिशेनेच परत जातो, म्हणून पाटी चमकते. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ही पाटी सक्तीची आहे, आणि जुन्या गाड्यांना ती बसवून घेण्यासाठी महाराष्ट्रात किती वेळा मुदतवाढ झाली, ते तुम्हाला माहीत आहे. पण थर चमकायला मागे उजेड हवा. पायी चालणाऱ्याच्या हातात हेडलाइट नसतो. त्याच्यासाठी अजूनही तो पाच वॅटचा दिवाच आहे.

नंबर वाचता आला नाही तर काय होतं, हे आकड्यांत पाहू. धडक देऊन वाहन पळून गेलं आणि शोध लागला नाही, तर कायद्यात ठरावीक रक्कम मिळते. १९८२ च्या दुरुस्तीने ही तरतूद आली, तेव्हा मृत्यूसाठी ५,००० रुपये होते. पुढे ते ८,५०० झाले, १९९४ साली २५,००० झाले आणि १ एप्रिल २०२२ पासून २ लाख. गंभीर दुखापतीसाठी ५०,०००.

आता समजा नंबर मिळाला. ३५ वर्षांचा, महिना १५,००० रुपये कमावणारा, स्वतःचा लहान धंदा असलेला माणूस गेला आणि मागे चार जण त्याच्यावर अवलंबून आहेत. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या खटल्यांत हिशेबाची रीत ठरवून दिली आहे. भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून २१,०००. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करून १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. या वयाचा गुणक १६. झाले ३० लाख २४ हजार. चालकाची चूक सिद्ध झाली, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण या रीतीने रक्कम ठरवतं.

एका बाजूला २ लाख, दुसऱ्या बाजूला ३० लाख. माणूस तोच, रस्ता तोच, घरची चार माणसं तीच. फरक एवढाच की कोणीतरी चार आकडे वाचले की नाही.

नंबर झाकला की आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे विश्वास. २८ जुलै २०१९ रोजी रायबरेली जिल्ह्यात एका ट्रकची आणि मोटारीची धडक झाली. मोटारीत उन्नावच्या गाजलेल्या बलात्कार प्रकरणातली पीडित तरुणी, तिचे नातेवाईक आणि वकील होते. तिच्या दोन नातलग स्त्रिया मरण पावल्या, ती आणि वकील अत्यवस्थ स्थितीत लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाच्या ट्रॉमा सेंटरमध्ये दाखल झाले. आणि त्या ट्रकच्या नंबर प्लेटवर काळा रंग फासलेला होता. कर्जाचे हप्ते थकले होते, फायनान्सवाल्यांनी गाडी ओढून नेऊ नये म्हणून नंबर झाकला, असं मालकाच्या बाजूने सांगितलं गेलं. पुढे सीबीआयने तपास केला आणि हा कट नसून अपघात असल्याचा निष्कर्ष काढला. पण त्या दिवशी देशभर लोकांनी पहिला प्रश्न विचारला तो त्या काळ्या रंगाबद्दल. हप्ते चुकवायला फासलेला रंग आणि गुन्हा लपवायला फासलेला रंग लांबून सारखाच दिसतो.

वही कोणी उघडायची

नंबर वाचला, आता नाव शोधायचं. या बाबतीतलं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईचं आहे. १२ मार्च १९९३ रोजी शहरात बारा ठिकाणी स्फोट झाले, २५७ माणसं मेली. त्याच दिवशी वरळीत एक मारुती व्हॅन बेवारस सापडली, नंबर एमएफसी १९७२. आत एके-५६ रायफली आणि हातबॉम्ब होते. आरटीओच्या नोंदीत गाडी रुबिना मेमन यांच्या नावावर निघाली, पत्ता माहीमचा. तिथून पोलीस मेमन कुटुंबाच्या घरापर्यंत पोचले, आणि तपासाला दिशा मिळाली. आज शहरभर कॅमेरे आहेत, प्रत्येकाकडे मोबाइल आहे. तेव्हा आरटीओतल्या एका नोंदीने हे काम केलं होतं.

पण जी वही पोलिसाला गुन्हेगार दाखवते, ती वाईट माणसाच्या हाती पडली तर त्याला सावज दाखवते. आपला नवा कायदा जुलै १९८९ मध्ये लागू झाला. त्याच महिन्यात अमेरिकेत लॉस एंजेलिसला रेबेका शेफर या तरुण अभिनेत्रीचा तिच्या दारातच खून झाला. तिच्या मागे लागलेल्या माणसाने खासगी गुप्तहेराकडून तिचा पत्ता मिळवला होता, आणि गुप्तहेराला तो मिळाला होता कॅलिफोर्नियाच्या वाहन खात्याच्या नोंदींतून. तेव्हा तिथे ही माहिती फी भरून सहज मिळत असे. या आणि अशाच प्रकारांनंतर १९९४ साली अमेरिकेने वाहन खात्यातली वैयक्तिक माहिती झाकणारा कायदा केला.

आपल्याकडे वह्यांची जागा संगणकाने घेतली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, 'वाहन' ही प्रणाली तयार केली आणि देशभरच्या आरटीओंच्या नोंदी एका जागी आल्या. एसएमएसवर नंबर पाठवला की मालकाचं नाव परत यायचं. पुढे 'एम-परिवहन' अ‍ॅप आलं. जुनी गाडी घेणाऱ्याला याचा मोठा उपयोग झाला: नोंदणी कधीची, विमा आहे का, गाडीवर कर्ज आहे का, सगळं घरबसल्या.

मार्च २०१९ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने या माहितीचा साठा विकण्याचं धोरण आणलं. व्यापारी संस्थेला वर्षाला ३ कोटी रुपये, शैक्षणिक संस्थेला ५ लाख. त्याच वर्षी जुलैमध्ये मंत्री नितीन गडकरी यांनी राज्यसभेत सांगितलं की ८७ खासगी आणि ३२ सरकारी संस्थांना माहिती वापरायला दिली असून ६५ कोटी रुपये मिळाले आहेत. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजीच दिला होता. जून २०२० मध्ये, माहितीचा गैरवापर होऊ शकतो हे कारण देऊन मंत्रालयाने हे धोरण मागे घेतलं. त्याआधी काही महिने दिल्लीत दंगली झाल्या होत्या, आणि नंबरवरून मालकाचं नाव पाहून त्याचा धर्म ओळखता येईल, अशी भीती तेव्हा उघडपणे बोलली गेली होती. आपल्या देशात नावातून काय काय कळतं, हे तुम्हाला सांगायला नको.

आज सर्वसामान्य माणसाने नंबर टाकला तर मालकाच्या नावातली बरीच अक्षरं फुल्यांनी झाकलेली दिसतात. अपघात झाला तर पोलीस पूर्ण नोंद पाहू शकतात. नुसत्या कुतूहलासाठी ती उघडत नाही. १९०४ ची तडजोड पडद्यावर अशी दिसते.

यात तुमचीही एक जबाबदारी आहे. गाडी विकली की वहीतलं नाव बदललं आहे ना, हे बघा. २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून गेलेली असो, भरपाईच्या वेळी कायदा नोंदीतल्या मालकालाच मालक मानतो.

काचेवरचं नाव

आता लखनौची ती गोष्ट. कल्याणच्या एका शिक्षकाने पंतप्रधानांना पत्र लिहिलं. उत्तर प्रदेशात गाड्यांवर जातीची नावं लिहिलेली दिसतात, त्याने समाजाची वीण उसवते, अशी त्यांची तक्रार होती. पत्र उत्तर प्रदेश सरकारकडे आलं, आणि डिसेंबर २०२० मध्ये परिवहन खात्याने अशा गाड्यांवर कारवाईचे आदेश दिले. साधारण वीस गाड्यांमागे एकीवर असं लिहिलेलं असतं, असा तेव्हा खात्यातल्या अधिकाऱ्यांचा अंदाज होता. लखनौच्या नाका पोलीस ठाण्याच्या हद्दीत पहिलं चलान फाटलं, मागच्या काचेवर आडनाव लिहिलेल्या एका गाडीचं. कलम १७७, म्हणजे ज्या गुन्ह्याला वेगळी शिक्षा सांगितलेली नाही त्यासाठीचं सर्वसाधारण कलम.

त्यानंतर २०२३ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा मोहीम झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने पोलिसांच्या कागदपत्रांतून आणि सार्वजनिक जागांवरून जातीचा उल्लेख काढण्याबाबत निर्देश दिले, आणि काही दिवसांतच राज्य सरकारने आदेश काढला. त्यात वाहनांवरच्या जातीच्या उल्लेखांचाही समावेश होता. एका गोष्टीसाठी पाच वर्षांत तीनदा मोहीम काढावी लागली, यावरून ती किती खोल रुजली आहे ते कळतं.

काचेवर नाव लिहिणारा काय करतो, ते नीट बघा. वहीत झाकून ठेवलेली गोष्ट तो स्वतःच्या हाताने रस्त्यावर आणतो. आणि बहुधा गंमत म्हणून नाही. चौकात शिपायाने अडवण्याआधी विचार करावा, मागच्याने हॉर्न वाजवण्याआधी थांबावं, असा त्यातला संदेश असतो. ज्याचं आडनाव वजनदार नाही, तो ते काचेवर लिहीत नाही. म्हणजे रस्त्यावर दोन प्रकारच्या गाड्या तयार होतात: एक नुसत्या नंबराच्या, दुसऱ्या नंबर आणि नावाच्या. पाटीने जी बरोबरी आणली होती, ती तिच्या वरच्या काचेवर मोडते.

आपण महाराष्ट्रात बसून उत्तर प्रदेशाला हसण्याचं कारण नाही. आपल्याकडच्या काचांवर काय लिहिलेलं असतं ते सिग्नलला थांबल्यावर वाचा. आकडे वाकवून त्यांतून शब्द काढण्याचा प्रकार तर उत्तरेत आणि आपल्याकडे सारखाच. ८०५५ चा इंग्रजी 'बॉस', २१४ चा 'राम', ४१४१ चा 'पापा'. नाव काढून टाकायला जगाला दहा वर्षं लागली, आणि आपण ते आकड्यांतूनच परत आणायच्या खटपटीत आहोत. अशा पाटीवरचा नंबर घाबरलेल्या साक्षीदाराने पोलिसाला काय सांगायचा? 'राम' लिहिलं होतं म्हणायचं?

नियमाप्रमाणे मोटारीच्या पाटीवरचं प्रत्येक अक्षर ६५ मिलिमीटर उंच असतं, मंत्र्याचं आणि शिक्षकाचं सारखंच. याला मोठे अपवाद होते, तेही कमी होत आले. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या टपावरचा लाल दिवा गेला. राष्ट्रपती आणि राज्यपालांच्या गाड्यांवर नंबराऐवजी राजमुद्रा असे. त्यांनाही नंबर लावू, असं २०१८ च्या सुरुवातीला केंद्राने दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं. तेव्हा लखनौच्या राजभवनात आपले राम नाईक राज्यपाल होते. टपावरचा दिवा सांगायचा, वाट सोडा, मी कोण आहे ते ओळखा. नंबरवरचा दिवा सांगतो, मी कोणीही असलो तरी माझा नंबर टिपून घ्या. लोकशाहीत पहिला विझायला हवा होता, तो विझला. दुसरा पेटता ठेवणं मात्र आपल्याकडे आहे.

हिवाळ्यात लखनौ-आग्रा एक्सप्रेसवेवर धुकं उतरतं, तेव्हा पुढची गाडी म्हणजे दोन लाल ठिपके, एवढंच दिसतं. आपल्या घाटांतही पावसाळ्यात तेच. अशा रात्री अपघात झाला आणि गाडी निघून गेली, तर पाच गोष्टींपैकी जेवढ्या जमतील तेवढ्या टिपा: राज्याची अक्षरं, कार्यालयाचा आकडा, शेवटचे चार आकडे, गाडीचा रंग आणि पाटीचा रंग. पिवळी पाटी म्हणजे भाड्याचं किंवा मालवाहू वाहन, पांढरी म्हणजे खासगी, हिरवी म्हणजे विजेवर चालणारं. पूर्ण नंबर मिळाला नाही तरी पोलिसांना नोंदींतून गाड्यांची यादी लहान करता येते. तिथून जवळच्या कॅमेऱ्यांचं चित्रण तपासता येतं. आणि ११२ ला फोन करा.

आज रात्री गाडी भिंतीजवळ लावाल तेव्हा पार्किंग लाइट चालू ठेवून एकदा मागे जा. १५ मीटर म्हणजे साधारण वीस पावलं. तेवढ्या अंतरावरून आपला नंबर वाचता येतो का, ते बघा. येत नसेल तर काच पुसा, बल्ब बदला. तो दिवा तुम्हाला कधी उपयोगी पडणार नाही. ज्याला पडेल त्याचं नाव तुम्हाला माहीत नसेल, आणि त्यालाही तुमचं नाव माहीत असायची गरज नाही. त्याने नंबर वाचला म्हणजे पुरे.